ब्रॅन सीरियल: खोक्यावर कोंडा, वाडग्यात किती?

'भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा' या म्हणीतला कोंडा नाइलाजाने खायची वस्तू होती. आता तोच कोंडा गुळगुळीत खोक्यात, साखरेचा हात फिरवून, 'हाय फायबर'चा शिक्का मारून येतो आणि लोक तो हौसेने घेतात. घ्यायला हरकत नाही, त्यातली काही सीरियल खरोखर कामाची आहेत. अडचण अशी की फळीवर शेजारीशेजारी ठेवलेल्या, नावात 'ब्रॅन' (म्हणजे कोंडाच) असलेल्या दोन खोक्यांतल्या तंतूंमध्ये, म्हणजे फायबरमध्ये, तिप्पट फरक असू शकतो, आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून हे परीक्षण खोक्याच्या मागच्या बाजूचं.

आधी मोजपट्टी ठरवू. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण १४-१५ टक्के कोंडा, दोन-तीन टक्के अंकुर आणि उरलेला सगळा पिठूळ गाभा असतो. लोह, जस्त, मॅग्नेशियम, नायसिन यांचा मोठा साठा कोंड्याच्या थरांत असतो. काहीही न मिसळलेल्या १०० ग्रॅम गव्हाच्या कोंड्यात सुमारे ४३ ग्रॅम तंतू, साडेपंधरा ग्रॅम प्रथिनं, चार ग्रॅमच्या वर स्निग्ध, ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १० मिलिग्रॅम लोह आणि सात मिलिग्रॅम जस्त मिळतं. ऊर्जा २१६ किलोकॅलरी, आणि साखर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. सीरियलच्या कारखान्यातून बाहेर पडताना यातलं किती शिल्लक राहतं आणि वर काय काय चढतं, तेवढंच पाहायचं.

काड्या, फ्लेक्स आणि मनुकेवाला

या घराण्यातला अस्सल प्रकार म्हणजे काड्या. कोंडा, साखर, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) अर्क आणि मीठ यांचा शिजवलेला लगदा साच्यातून दाबून काढतात आणि भाजतात. केलॉग्जचं ऑल-ब्रॅन १९१६ सालचं. बाजारातल्या बाकीच्या काड्या त्याच्याच भावंडांसारख्या. घटकांच्या यादीत पहिलं नाव गव्हाच्या कोंड्याचं, आणि चांगल्या काड्यांत त्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे. १०० ग्रॅममागे तंतू २७ ते ३० ग्रॅम, प्रथिनं १३-१४ ग्रॅम, साखर १५ ते २२ ग्रॅम, मीठ पाऊण ते एक ग्रॅम, ऊर्जा ३०० ते ३४० किलोकॅलरी. एकाच नावाच्या खोक्याची कृती देशागणिक बदलते, त्यामुळे हातातल्या खोक्यावर छापलेला आकडा शेवटचा धरावा.

४० ग्रॅमच्या वाडग्याचा हिशेब केला तर तंतू ११ ग्रॅमच्या आसपास पडतात. प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे निम्म्याला थोडा कमी वाटा एका बैठकीत उरकला. त्याच वाडग्यात साखर सात ग्रॅम, चहाचे पावणेदोन चमचे. साखर अजिबात नसती तर बरं, पण बिनसाखरेचा भाजका कोंडा चवीला पुठ्ठ्यासारखा लागतो आणि एवढ्या तंतूंच्या बदल्यात ती खपवून घेता येते. या प्रकाराला ग्लायसेमिक इंडेक्सही (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा निर्देशांक) साथ देतो. ऑल-ब्रॅनचा तो ४२-४४ च्या घरात, म्हणजे कमी गटात येतो.

काड्यांचाच एक पोटभेद म्हणजे बारीक दाणेदार गोळ्या, ज्यात कोंड्याबरोबर इसबगोल घातलेलं असतं. तंतू १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे ३० ग्रॅममध्येच १२-१३ ग्रॅम. आकडा दणदणीत आहे, पण हे सीरियल वाडगाभर ओतून खायचं नव्हे. इसबगोल पाणी धरून गिळगिळीत होतं. दुधात पाच मिनिटं विसरलात तर चमचा उभा राहील. दोन-तीन मोठे चमचे दुसऱ्या सीरियलवर भुरभुरवणं हा त्याचा योग्य वापर.

फ्लेक्स हा तडजोडीचा माल आहे. यादीत पहिला सबंध गहू आणि दुसरा कोंडा असतो. १०० ग्रॅममागे तंतू १३ ते १८ ग्रॅम आणि साखर ११ ते २० ग्रॅम. ३० ग्रॅमच्या छापील सर्व्हिंगमध्ये (एका वेळच्या मापात) तंतू जेमतेम साडेचार-पाच ग्रॅम मिळतात. काड्यांच्या वाडग्याइतके तंतू यातून हवे असतील तर ७० ग्रॅमच्या वर खावं लागेल, आणि त्यासोबत साखर १० ग्रॅमच्या आसपास आणि अडीचशे किलोकॅलरी आत जातील. ग्लायसेमिक इंडेक्स ७४, म्हणजे वरच्या गटात. पातळ लाटलेला, शिजवून भाजलेला गहू पटकन पचतो, मग त्याला कोंडा चिकटलेला असो वा नसो. फ्लेक्स वाईट नाहीत. नेहमीच्या मक्याच्या फ्लेक्सपेक्षा नक्कीच सरस आहेत. पण ज्याला खास तंतूंसाठी ब्रॅन सीरियल घ्यायचं आहे त्याच्या पदरात फ्लेक्समधून अर्धंच माप पडतं.

मनुकेवाल्या ब्रॅनबद्दल थोडक्यात: १०० ग्रॅममागे तंतू १०-१२ ग्रॅम, साखर २५ ते ३० ग्रॅम आणि वर. सर्व्हिंग ५५-६० ग्रॅमची, त्यामुळे एका वाडग्यात साखर १७-१८ ग्रॅमपर्यंत जाते. यातली बरीच मनुकांची स्वतःची असते हे खरं. म्हणून लेबलवर 'वरून घातलेली साखर' अशी वेगळी ओळ असेल तर तीच पाहावी. पण ती वजा केल्यावरही आठ-नऊ ग्रॅम उरते. गोड न्याहारी म्हणून खा, कोंडा म्हणून नको.

या सगळ्यांना एकाच तराजूत तोलायचं असेल तर १०० ग्रॅममागच्या तंतूंना साखरेने भागा. काड्यांचं उत्तर दीडच्या आसपास येतं, फ्लेक्सचं एकच्या आगेमागे, मनुकेवाल्याचं ०.४. एकाखाली उतरलेल्या खोक्याच्या नावातून 'ब्रॅन' शब्द काढून टाकला तरी चालेल. (कर्बोदकं आणि तंतू दहास एक असली की पुरे, असा एक ढोबळ नियम धान्याच्या पदार्थांसाठी वापरतात. तो पावाला ठीक आहे. ब्रॅन सीरियलला लावला तर सगळीच पास होतात.)

मागची बाजू वाचताना कुठे घसरतो

पहिली घसरण सर्व्हिंगमध्ये. एक कंपनी ३० ग्रॅम धरते, दुसरी ४०, तिसरी ५५. मोठी सर्व्हिंग छापली की तंतूंचा आकडा आपोआप फुगतो. नेहमी १०० ग्रॅमचा रकाना पाहा. तो नसेल तर तंतूंचे ग्रॅम भागिले सर्व्हिंगचे ग्रॅम, गुणिले १००. आणि एकदा तरी रोजचा वाडगा वजनकाट्यावर ठेवून मोजा, कारण कपाच्या मापाने घात होतो. काड्यांचा अर्धा कप ३१ ग्रॅम भरतो, फ्लेक्सचे ३० ग्रॅम व्हायला पाऊण कप लागतो. त्याच वाडग्यात फ्लेक्सच्या जागी काड्या गळ्यापर्यंत भरल्या तर वजन दीडपट होतं, तंतू तिपटीने वाढतात, आणि पोटाला त्याचा जाब दुपारी द्यावा लागतो.

दुसरी घसरण कर्बोदकांच्या ओळीत, आणि मधुमेहासाठी कर्बोदकं मोजणाऱ्यांनी ही नीट समजून घ्यावी. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात. युरोपीय पद्धतीत कर्बोदकांची ओळ तंतू वगळून छापतात आणि तंतू वेगळे दाखवतात. म्हणून तशाच काड्यांच्या ४० ग्रॅमना एका खोक्यावर ३२ ग्रॅम कर्बोदकं दिसतात आणि दुसऱ्यावर १९-२० ग्रॅम. पहिल्यातून तंतू वजा करणं बरोबर आहे. दुसऱ्यातून वजा केले तर ते दोनदा वजा होतात आणि इन्सुलिनचा हिशेब कमी पडतो. ओळखायची खूण: कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध, तंतू आणि मीठ यांची १०० ग्रॅममागची बेरीज करा. ती शंभराच्या थोडी आत राहिली तर तंतू वेगळे छापलेले आहेत (उरलेलं पाणी आणि क्षार). शंभराच्या बरीच पुढे गेली तर ते कर्बोदकांतच धरलेले आहेत.

तिसरी, दर्शनी बाजूवरचे दावे. युरोपीय नियमात आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या मार्गदर्शनात घन पदार्थाला १०० ग्रॅममागे तीन ग्रॅम तंतू असले की 'तंतूंचा स्रोत' आणि सहा ग्रॅम असले की 'तंतूंनी समृद्ध' म्हणता येतं. सहा ग्रॅमवाला आणि २७ ग्रॅमवाला खोका एकच शिक्का मिरवतो. 'होल ग्रेन' हा शिक्का तर वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्याचा अर्थ कोंडा, अंकुर आणि गाभा तिन्ही दाण्यातल्या प्रमाणात आहेत. नुसत्या कोंड्याच्या काड्या त्या अर्थाने होल ग्रेन नव्हेतच, आणि होल ग्रेन लिहिलेल्या सीरियलमध्ये कोंडा दाण्यात असतो तेवढाच, १४-१५ टक्के.

सीरियलच्या खोक्यांवर आरोग्याची भाषा आली त्यात ब्रॅनचाच मोठा हात आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत केलॉग्जने तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ऑल-ब्रॅनच्या खोक्यावर तंतू आणि कर्करोग यांच्याबद्दलचा मजकूर छापला. खाद्यपदार्थावर रोगाचं नाव घेण्याची पद्धत तोवर नव्हती. त्यावरून झालेल्या वादाची परिणती पुढे १९९० च्या लेबल कायद्यात झाली. तेव्हापासून खोक्याची पुढची बाजू जाहिरातीची आणि मागची कायद्याची.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर एकाच नावाने आली तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसते. तीच साखर, ग्लुकोज सिरप, माल्टचा अर्क, मध आणि काकवी अशा पाच नावांत वाटली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि यादी सोवळी दिसते. बेरीज मात्र साखरेच्या ओळीत पकडली जाते. मीठ सोडियमच्या रूपात दिलं असेल तर अडीचने गुणा. १०० ग्रॅममागे ३८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ०.९५ ग्रॅम मीठ.

यादीत इन्युलिन किंवा चिकोरी मुळाचे तंतू दिसले तर थांबा. हेही कायद्याने तंतूच, आकडाही वाढतो, पण काम कोंड्याचं नाही. इन्युलिन मोठ्या आतड्यात पोचताच जिवाणू त्यावर तुटून पडतात. त्यातून गॅस होतो, मळाला कोंड्यासारखा भरीवपणा येत नाही. कोंडा कमी आणि इन्युलिन जास्त असलेलं सीरियल म्हणजे शब्दशः कोंड्याचा मांडा.

जीवनसत्त्वं: दाण्यातली आणि फवारलेली

पोषणाच्या तक्त्यात ब-१२ किंवा ड जीवनसत्त्व दिसलं की समजावं, ते कारखान्यात घातलेलं आहे. गव्हाच्या कोंड्यात ब-१२ नसतंच. उष्णतेला नाजूक असलेली जीवनसत्त्वं भाजणीनंतर वरून फवारतात. याचे दोन व्यावहारिक परिणाम. एक, हा मुलामा दुधात उतरतो. वाडग्याच्या तळाशी उरलेलं दूध मोरीत ओतलं तर फॉलिक आम्ल आणि ब गटातली बाकी मंडळी त्याबरोबर गेली. दोन, सेंद्रिय किंवा 'काहीही न घातलेलं' असा दावा करणाऱ्या सीरियलमध्ये हा भाग बहुधा नसतो. मांसाहार आणि दूध दोन्ही न घेणाऱ्याला ब-१२ साठी फवारलेलं सीरियल खरंच उपयोगी पडतं, त्यामुळे 'नैसर्गिक' म्हणजे जास्त पौष्टिक असं इथे सरसकट म्हणता येत नाही.

लोहाची गंमत मात्र डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. घटकांत 'रिड्यूस्ड आयर्न' किंवा नुसतं 'आयर्न' लिहिलेलं असेल तर मूठभर सीरियल जाड प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन लाटण्याने पीठ होईपर्यंत चिरडा, वर कपभर कोमट पाणी ओता आणि पंधरा मिनिटं भिजू द्या. मग पिशवी आडवी धरून बाहेरून एक जोरकस चुंबक हळूहळू एकाच दिशेने फिरवा. चुंबकाच्या मागोमाग करड्या-काळ्या भुकटीची बारीक मिशी सरकताना दिसेल. ते धातुरूप लोखंड आहे. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, पण सगळं नाही. त्यामुळे तक्त्यातला मोठा आकडा जसाच्या तसा रक्तात पोचतो असं समजू नये. लोह क्षाराच्या रूपात घातलं असेल तर चुंबकाला काहीच लागणार नाही. तो प्रयोग फसला असं नव्हे.

कोंड्याच्या स्वतःच्या लोहालाही एक राखणदार आहे: फायटिक आम्ल. गव्हाच्या कोंड्यात ते भरपूर, १०० ग्रॅममागे काही ग्रॅम, असतं आणि लोह, जस्त, कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवतं. यावर इलाज म्हणून सीरियल रात्रभर भिजवायचा सल्ला अनेक जण देतात. कच्च्या कोंड्याला तो काही प्रमाणात लागू आहे, कारण त्यातलं फायटेज हे विकर (एन्झाइम) जिवंत असतं आणि भिजल्यावर फायटिक आम्ल तोडतं. खोक्यातलं सीरियल मात्र शिजून भाजून आलेलं असतं, विकर केव्हाच मेलेलं. ते भिजवून लगद्याखेरीज काही हाती लागत नाही. त्यापेक्षा वाडग्यात संत्रं, किवी किंवा स्ट्रॉबेरी घाला. क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं. चहा-कॉफी त्याच बैठकीत घेऊ नका, तासभर मागे ढकला.

मॅग्नेशियमला ही फवारणी लागत नाही. ते कोंड्याचं स्वतःचं. काड्यांच्या ४० ग्रॅममध्ये १४०-१५० मिलिग्रॅमपर्यंत मिळतं. प्रौढाची रोजची गरज ३१० ते ४२० मिलिग्रॅमची आहे. ब्रॅन सीरियलच्या पोषणात तंतूंनंतर सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात प्रामाणिक ओळ हीच, आणि अनेक लेबलांवर ती छापलेलीही नसते.

गव्हाचा कोंडा एक काम करतो, ओटचा दुसरं

खरेदीत सर्वात मोठी गल्लत इथे होते. गव्हाच्या कोंड्यातले तंतू बहुतांशी न विरघळणारे. मोठ्या आतड्यात ते फारसे आंबत नाहीत, पाणी धरून ठेवतात आणि त्यांचे खरबरीत तुकडे आतड्याच्या अस्तराला चाळवतात, त्यामुळे पाणी आणि श्लेष्मा सुटतो. गव्हाच्या कोंड्यातल्या प्रत्येक ग्रॅम तंतूमागे मळाचं वजन सुमारे पाच ग्रॅमने वाढतं. फळांतल्या पेक्टिनचा हाच आकडा सव्वा ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणूनच युरोपमध्ये 'आतड्यातली वाटचाल वेगवान करतो' हा दावा गव्हाच्या कोंड्याच्या तंतूंना मंजूर आहे, आणि त्यासाठी दिवसाला किमान १० ग्रॅम तंतू लागतात. काड्यांचा एक वाडगा ती अट पुरी करतो, फ्लेक्सचा एक वाडगा करत नाही.

कोंडा जेवढा जाडसर तेवढा हा परिणाम जास्त. पिठासारखा दळलेला कोंडा तक्त्यात तेवढेच तंतू दाखवतो, पण आतड्याला चाळवायचं काम तितकंसं करत नाही. मऊ, तोंडात विरघळणाऱ्या 'ब्रॅन' बिस्किटांबद्दल म्हणूनच फार आशा ठेवू नये.

कोलेस्टेरॉल खाली आणायचं असेल तर गव्हाचा कोंडा कितीही खाल्ला तरी फारसा उपयोग नाही. ते काम ओटच्या कोंड्यातल्या बीटा-ग्लुकनचं. ओटच्या कोंड्यात एकूण तंतू १०० ग्रॅममागे १५ ग्रॅमच, गव्हाच्या कोंड्याच्या साधारण एकतृतीयांश, पण त्यातला विरघळणारा चिकट भाग पित्ताम्लांना अडवून शरीराबाहेर नेतो. अमेरिकेत १९९७ पासून ओटच्या पदार्थांना हृदयरोगाबद्दलचा दावा करता येतो, आणि त्यासाठी धरलेलं माप रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन असं आहे. ओटच्या कोंड्यात बीटा-ग्लुकन सहा-आठ टक्के धरलं तर ४० ते ५० ग्रॅम कोंडा झाला. तेव्हा 'ओट ब्रॅनयुक्त' लिहिलेल्या आणि यादीत ओटचा कोंडा चौथ्या क्रमांकावर असलेल्या कुरकुरीत गोल कड्यांकडून कोलेस्टेरॉल उतरण्याची अपेक्षा धरू नका. ओटचा कोंडा नुसता घ्या आणि शिजवून खा. इसबगोल मिसळलेल्या गोळ्या दोन्ही कामं थोडीथोडी करतात, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा.

सुरुवात आणि बिघाड

ब्रॅन सीरियलबद्दलच्या तक्रारींत 'पोट फुगलं' ही पहिली, आणि तिचं कारण बहुतेक वेळा माप असतं. रोज १०-१२ ग्रॅम तंतूंची सवय असलेल्या पोटात एकदम ११ ग्रॅमची भर घातली की गॅस आणि कळा ठरलेल्या. पहिले चार-पाच दिवस १० ग्रॅम काड्या, त्या नेहमीच्या सीरियलमध्ये मिसळून. मग २०, मग ३०, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४०. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर मागच्या मापावर आठवडाभर थांबा. परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला नाही म्हणून माप दुप्पट करणं ही नेहमीची चूक आहे. कोंड्याला काही दिवस लागतात.

दुसरी तक्रार: 'कोंडा खाऊन उलट जास्त कडक झालं.' पाणी कमी. वाडग्यातल्या दुधाखेरीज त्याच वेळी एक मोठा पेला पाणी आणि दिवसभरात नेहमीपेक्षा दोन पेले जास्त, एवढं तरी हवंच. काड्या कोरड्या तोबऱ्यात भरून वरून घोट घेणं टाळावं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी तर नक्कीच.

काहींनी या वाटेला जाऊच नये. गहू आणि बार्लीचा माल्ट दोन्ही असल्यामुळे सिलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा आजार) असलेल्यांना काड्या आणि फ्लेक्स पूर्ण वर्ज्य. आतड्याला अडथळा किंवा अरुंदपणा असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. इरिटेबल बॉवेल (कळा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असा आतड्याचा चिवट त्रास) असलेल्यांमध्ये गव्हाचा कोंडा अनेकदा लक्षणं वाढवतो, आणि ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनात त्यांना कोंड्यापासून परावृत्त करायला सांगितलं आहे. ओट किंवा इसबगोल त्यांना बरं पडतं. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस-पोटॅशियमचं पथ्य असेल तर कोंडा दोन्हींनी भरलेला आहे हे लक्षात ठेवा. लहान मुलांचं पोट काड्यांनी भरतं आणि खरं अन्न बाहेर राहतं, म्हणून पाच वर्षांखालच्यांना कोंडा वेगळा घालू नये. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा ते एक तास जाऊ द्या, मगच हा वाडगा. लोहाची गोळीही याच्यासोबत नको.

भाजलेल्या कोंड्यात अ‍ॅक्रिलामाइड हे अपायाचा संशय असलेलं रसायन तयार होतं, हेही नोंदवायला हवं. युरोपीय नियमात ब्रॅन सीरियलसाठी संदर्भ पातळी किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम आहे, मका-ओटच्या सीरियलसाठी १५०. ती कंपनीने सांभाळायची गोष्ट आहे. आपल्या हातात एवढंच की घरी आणखी कडक भाजू नये.

कुठला घ्यावा, कसा खावा

साखर अजिबात नको असणाऱ्यांसाठी खोक्याला सरळ पर्याय आहे: सबंध गव्हाचं बिनसाखरेचं कुठलंही सीरियल ३० ग्रॅम आणि त्यावर जाडसर कच्चा गव्हाचा कोंडा चार मोठे चमचे. एक मोठा चमचा कोंडा साडेतीन-चार ग्रॅमचा, म्हणजे चार चमच्यांत सहा ग्रॅमच्या वर तंतू, आणि खालच्या गव्हातले साडेतीन. एकूण १० ग्रॅम, वरून घातलेली साखर शून्य, मीठ नगण्य. फवारलेलं ब-१२ आणि ड यात नसतं, तेवढी उणीव. कच्चा कोंडा लवकर खवट होतो. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवा, आणि वासाला जुन्या तेलासारखा किंवा जिभेला कडवट लागला तर टाकून द्या. तांदळाच्या कोंड्यात तर स्निग्ध २० टक्क्यांच्या आसपास असल्याने तो आणखी पटकन बिघडतो.

तयार खोकाच घ्यायचा असेल तर काड्या. ४० ग्रॅमना १२५ मिलिलिटर दूध. यातून चार ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि कोंड्यात फारसं नसलेलं कॅल्शियम दीडशे मिलिग्रॅम, एवढी भर पडते. दूध ओतल्यावर पहिला मिनिटभर काड्या तरंगतात. दोन मिनिटांत दुधाची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते, बाहेरचा थर मऊ आणि आतला गाभा अजून कुरकुरीत असतो. खायची वेळ ती. पाचव्या मिनिटाला ओल्या भुशाचा लगदा. दही वापरलं तर हा वेळ दुपटीने वाढतो. केळं कापून घातलं तर काड्यांमधली साखर पुरेशी होते, वरून मध लागत नाही.

खोका संपत आला की तळाशी कपभर भुगा साचतो. काटा त्याला काड्यांइतकंच वजन दाखवतो आणि तंतूही तेवढेच असतात, पण तो बारीक झाल्यामुळे आतड्याचं काम तितकं जोमाने करत नाही आणि दुधात पडताक्षणी चिखल होतो. दुधात दहा मिनिटं भिजवून मफिनच्या पिठात मिसळा. कोरडाच घातलात तर तो पिठातलं पाणी ओढून घेतो आणि मफिन ओव्हनमधून वाळूसारखे भुसभुशीत निघतात.